लाटेच्या विजेत जेवणाचे गुण

काळेवाडी, पिंपरी
रविवार, १५ जून २०२५

चि. सुखदा,

आशीर्वाद. इकडे ठीक आहे. पाणी अजून दिवसाआडच येतं. आईचा गुडघा दुखतो, पण जिना उतरून भाजी आणायची ती थांबत नाही.

लाटांपासून वीज काढण्यात कोणता देश खरोखर पुढे आहे, आणि एम.टेक. झाल्यावर चेन्नईतच राहू की स्पेनची नोकरी घेऊ, असं तू विचारलंस. मी फोनवर पटकन ‘चेन्नई’ म्हणालो. न तपासता बोलणं ही माझी पद्धत नव्हे, म्हणून आठवडाभर वाचलं. आमच्या कारखान्यातले उद्धवराव शिफ्टच्या बसमध्ये म्हणाले, “राव, चाकणला समुद्र यायचाय अजून, अन् तुम्ही लाटा मोजताय!”

हायड्रॉलिकचं काम मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. पण पंप घेताना एकच विचारतो: किती वर्षं चालत राहिला? देशांनाही तेच विचारलं आणि गुण दिले.

स्कॉटलंडने पुष्कळ यंत्रं समुद्रात तपासली, बरीचशी परत काढली. पोर्तुगालचा २००८ चा प्रकल्प काही महिन्यांतच थांबला. आता तिथे नव्या यंत्राने मोठी वादळं सोसली आहेत. चीनने मेगावॅटचं तरंगतं यंत्र उतरवलंय, पण मला माहिती अपुरी मिळाली, म्हणून गुण राखून ठेवले. आपण १९९१ साली केरळात विझिंजमला लाटेवर वीज काढली होती, तेव्हा आपण मागे नव्हतो. पुढे ते बंद पडलं. स्पेनमध्ये मुत्रिकूच्या बंदराच्या भिंतीत सोळा टर्बाइन आहेत. क्षमता २९६ किलोवॅट, चाकणच्या मधल्या कारखान्यालाही पुरणार नाही. पण मोडतोड दुरुस्त करत २०११ पासून चालू आहे.

तरी माझ्या हिशेबात भारत पहिला आला. आई भाकरी थापत होती. म्हणाली, “पहिला कसा हो?”

“जेवण, हवामान, भाषा धरून.”

“तमिळ येते का तिला? आणि लाटेच्या विजेत जेवण कुठून आलं? सरळ म्हणा ना, पोरगी लांब जायला नको.”

मी म्हटलं, “भाकरी करपतेय बघ.” करपत नव्हती.

मग ते गुण खोडले. स्पेन पहिला येतो, आणि बऱ्याच अंतराने. दोनदा बेरीज केली. चेन्नईहून तू एका दिवसात घरी येऊ शकतेस, पण ते गुण तुझे नव्हेत, आमचे आहेत.

कुरियर बुधवारी पोचेल, तुला उत्तर शुक्रवारी द्यायचंय. स्पेनला होकार कळव. त्याआधी मला फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा चेन्नईच म्हणेन. म्हणून हे लिहून पाठवतोय, आणि माझं मत हेच धर.

तपासून, पूर्ण शुद्धीत,
बाबा