कुंडखेत रुग्णालयातील रक्ताच्या रिकाम्या फ्रीजबाबत

प्रति,
मा. जिल्हा शल्य चिकित्सक साहेब,
नंदुरबार.

अर्जदार : फुलसिंग सुरुपसिंग पावरा, रा. आमलीपाडा, पो. कुंडखेत, ता. अक्राणी (धडगाव). व्यवसाय : शेती.

विषय : कुंडखेत ग्रामीण रुग्णालयातील रक्त साठवण केंद्र कागदावर सुरू असून प्रत्यक्षात बंद असल्याने ते खरोखर सुरू होणेबाबत.

संदर्भ : १) येत्या रक्तदान शिबिरास माणसे आणण्याविषयी अर्जदारास मिळालेले पत्र. २) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज.

महोदय,

अर्जदार आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेला असून हा अर्ज त्याने स्वतःच्या हाताने लिहिला आहे. घरातले बोलणे पावरी बोलीत झाले, ते येथे मराठीत लिहिले आहे. काही कमी-जास्त झाल्यास सांभाळून घ्यावे.

अर्जदारास दोन मुली. थोरली सेवंती, धाकटी रिना. दोघींनाही सिकलसेल आहे. या आजारात अंगातले रक्त टिकत नाही, हाडे ठणकतात, आणि रक्त फारच कमी झाले तर बाहेरचे चढवावे लागते, हे साहेबांना सांगणे नको. सेवंती शहाद्याला कॉलेजात होती. तिथे तिला रक्त लागले तेव्हा लगेच मिळाले. म्हणून कुंडखेतच्या दवाखान्यातही रक्त ठेवण्याची सोय होणार असे कळले तेव्हा अर्जदाराला घरात कार्य असल्यासारखा आनंद झाला होता.

गेल्या हिवाळ्यात केंद्राचे उद्घाटन झाले. त्याआधी रक्तदान शिबिर घ्यायचे ठरले, आणि पाड्यांवरून माणसे आणण्याचे काम अर्जदाराने अंगावर घेतले. आमच्याकडे लोक रक्त द्यायला भितात. दिलेले रक्त परत भरून येत नाही असे पुष्कळांना वाटते. पाड्यातले जाणते रेवजीबाबा तर अर्जदाराला सर्वांसमोर म्हणाले, "अंगातलं काढून गाडीत घालणार. गाडी घाट उतरली की ती कोणाची?"

अर्जदार म्हणाला, "बाबा, तपासायला खाली नेतात, पण परत आणतात. आपलं रक्त आपल्याच दवाखान्यात राहील. आपल्या बाया बाळंतपणात मरायच्या नाहीत."

या शब्दावर लोक आले. रेवजीबाबा वयामुळे देऊ शकत नव्हते, तरी दिवसभर मांडवात बसून राहिले आणि घाबरलेल्या पोरांच्या पाठीवर हात फिरवत होते. संध्याकाळी रक्ताच्या पिशव्या घेऊन गाडी नंदुरबारकडे गेली. तपासणी जिल्ह्यालाच होते, हे योग्यच आहे, त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. त्या कामाबद्दल अर्जदारास रुग्ण कल्याण समितीवर सदस्य म्हणून घेण्यात आले, त्याचाही तो आभारी आहे.

त्यानंतर त्या दवाखान्यात रक्ताची एकही पिशवी परत आली नाही.

कारण समितीच्या बैठकीत कळले. फ्रीज आदिवासी विकासाच्या निधीतून आला आहे. रक्त जुळवून पाहणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार आरोग्य अभियानाच्या निधीतून व्हायचा. त्याचा करार मार्चअखेर संपला आणि नव्या वर्षाची मंजुरी आलीच नाही, म्हणून तो नाइलाजाने गुजरातेत एका खासगी लॅबमध्ये कामाला गेला. जनरेटरच्या डिझेलची तरतूद तिसऱ्याच ठिकाणी आहे; तंत्रज्ञ होता तोवर ते मिळाले नाही, म्हणून तेव्हाही रक्त आणले गेले नाही. अर्जदाराने विचारले की समितीकडे पैसे शिल्लक आहेत, त्यातून मंजुरी येईपर्यंत माणूस ठेवता येईल का. उत्तर मिळाले की त्या पैशातून पगार देता येत नाही. रंगरंगोटी, पडदे व फलक करता येतात. पुढच्या बैठकीपर्यंत केंद्राच्या दारावर नवीन फलक लागला होता.

अर्जदाराने घरी येऊन पत्नी जमनाबाई हिला हे समजावून सांगितले. आमच्या बोलीत निधीच्या लेखाशीर्षाला शब्द नाही, म्हणून तो म्हणाला, "सरकारकडे पैशांच्या वेगवेगळ्या कणग्या आहेत. एकीतलं काढून दुसरीत घालता येत नाही."

ती म्हणाली, "कणग्या वेगळ्या असतील, पण घर एकच ना?"



पोळ्याच्या सुट्टीत सेवंती घरी आली. सणाच्या दुसऱ्या दिवशी तिला ताप चढला आणि पायाची हाडे ठणकू लागली. अर्जदाराने शेजारच्या आमशाच्या जीपमधून तिला कुंडखेतला नेले. तेथील डॉक्टरांनी कसलीही हयगय केली नाही, हे अर्जदार मुद्दाम लिहीत आहे. त्यांनी सलाईन लावले, रक्त तपासले आणि बाहेर येऊन म्हणाले, "रक्त फार उतरलंय. आत्ताच्या आत्ता चढवायला हवं."

केंद्र बंद असल्याचे माहीत असूनही अर्जदाराच्या तोंडून निघाले, "साहेब, मग चढवा. आमच्याच पाड्याचं रक्त आहे."

 प्रकाशा गावच्या वत्सलाबाई तेथे परिचारिका आहेत. त्यांनी अर्जदाराच्या हाताला धरून त्याला त्या खोलीत नेले आणि फ्रीजचे दार उघडले. आत दिवा लागला. सगळे कप्पे स्वच्छ पुसलेले होते आणि त्यांत काहीही नव्हते. थंड हवा तेवढी अंगावर आली.

"देख भाऊ," त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "फ्रीज चालू शे. मी रोज सकायले पुशी ठेवस. पण रगत जुळाडनारा माणूसच नई शे, मंग त्या खालथीन रगत कशे धाडतीन? मन्हा हातमा काय शे, सांग." हे म्हणताना त्या रडत होत्या.

दवाखान्याची रुग्णवाहिका एका बाळंतिणीला घेऊन शहाद्याला गेली होती. ती परत येईपर्यंत थांबणे शक्य नव्हते. शहाद्यात तिच्या गटाचे रक्त नव्हते, म्हणून डॉक्टरांनी नंदुरबारला फोन करून रक्त तयार ठेवायला सांगितले, आणि तेथे ते तयार ठेवलेही होते, असे अर्जदारास मागाहून कळले. वत्सलाबाई ड्युटी दुसरीकडे सोपवून सलाईनची बाटली हातात धरून जीपमध्ये बसल्या. जमनाबाईने मुलीचे डोके मांडीवर घेतले. अर्जदार पुढे आमशाशेजारी बसला.

घाटात दरड पडली होती. मशीन येऊन माती ओढत होते, आणि वाट मोकळी होईपर्यंत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या होत्या. अर्जदार खाली उतरून ऑपरेटरकडे पळत गेला. त्याने लगेच होईल तेवढी वाट करून दिली, लोकांनी हाताने दगड बाजूला केले. अशी सगळी माणसे मदतीला होती, साहेब. कोणी वाईट वागले असते तर अर्जदाराला राग धरायला एखादा माणूस तरी सापडला असता.

जीप पुन्हा निघाली तेव्हा सेवंती शुद्धीवर होती. ती आईला म्हणाली, "रिनाला पाणी पीत राहायला सांग. ती विसरते." थोड्या वेळाने वत्सलाबाईंनी नाडी पाहिली, मग दुसऱ्या हाताची पाहिली, आणि आमशाला जीप हळू चालव म्हणाल्या. घाट अजून संपला नव्हता. दुपार टळली नव्हती.

सेवंतीचा मृत्यू रस्त्यात झाल्याने तो कोणत्याही दवाखान्याच्या आकड्यात धरला गेलेला नाही. अर्जदाराने केंद्राबाबत दोन अर्ज केले. एका कार्यालयाने कळवले की निधी उपलब्ध आहे, परंतु पद मंजूर नाही. दुसऱ्याने कळवले की पद मंजूर आहे, परंतु निधी प्राप्त नाही. दोन्ही उत्तरे एकाच आठवड्यात आली. अर्जदार दोन्ही कागद घेऊन धडगावला गेला, तेथून वरच्या कार्यालयात गेला. तेथील कर्मचाऱ्याने संगणकावर पाहून त्याला नीट खुर्ची देऊन समजावले की उद्घाटन झाल्यापासून हे केंद्र अहवालात "कार्यान्वित" दिसते. जे केंद्र सुरू आहे ते सुरू करण्यासाठी माणूस मागता येत नाही. आणि ते बंद आहे असे दवाखान्याने लिहून दिले तर फ्रीज विनावापर ठरून दुसऱ्या तालुक्यात हलवला जाईल.

अर्जदाराने विचारले, "मग आम्ही काय करावं?"

तो म्हणाला, "मामा, खरं सांगू का, मलाही कळत नाही."

आता पुन्हा शिबिर ठरले आहे आणि माणसे आणण्याविषयी अर्जदारास पत्र आले आहे. अर्जदार ते घेऊन प्रथम रेवजीबाबांकडे गेला. बाबा टोचून बोलतील अशी त्याची तयारी होती. पण त्यांनी अर्जदाराला बसायला खाट दिली, पाणी दिले आणि म्हणाले, "तू सांगशील तर लोक येतील. पण या वेळी त्यांना काय सांगणार, ते आधी मला सांग."

लोकांनी रक्त देऊ नये असे अर्जदाराचे मुळीच म्हणणे नाही. ते नंदुरबारला कोणाच्या तरी लेकराला मिळाले असेल, त्याचे समाधान आहे. परंतु गेल्या वेळी दिलेला शब्द खोटा ठरला, आणि तोच शब्द पुन्हा देण्याची अर्जदाराची छाती होत नाही. तरी नम्र विनंती की, मंजुरी येईपर्यंत दुसऱ्या रुग्णालयातील तंत्रज्ञास आठवड्यातून काही दिवस तरी कुंडखेतला पाठवावे. अहवालात केंद्र बंद आहे असे खरे लिहावे आणि खरे लिहिल्याबद्दल फ्रीज हलवू नये. आणि माणूस, डिझेल व यंत्र यांचा खर्च कोणी एकाने पाहावा, म्हणजे विचारायला एकच दार राहील. सेवंतीबद्दल अर्जदार नुकसानभरपाई मागत नाही.

अर्जदाराने दोन अर्जांना अशी उत्तरे मिळाल्यावर गप्प बसायचे ठरवले होते. हा तिसरा अर्ज लिहिण्याचे कारण रिना आहे. ती नववीत आहे. मागच्या आठवड्यात ती चुलीपाशी बसली असता तिचे ओठ दाबलेले आणि कपाळ घामाने भिजलेले जमनाबाईला दिसले. हात लावला तर अंगात ताप. पाय दोन दिवसांपासून दुखत होते. देवाच्या कृपेने तेवढ्यावर निभावले, गोळ्यांनी उतार पडला. पण आईने तिला विचारले की इतकं दुखत होतं तर सांगितलं का नाहीस.

रिना म्हणाली, "सांगितलं की मला घाटात नेणार."

साहेब, आता ती दुखले तरी सांगत नाही. आम्ही नवरा-बायको आळीपाळीने तिच्या तोंडाकडे पाहत असतो.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,

आपला नम्र,
(सही)
फुलसिंग सुरुपसिंग पावरा
आमलीपाडा, दि. १२ नोव्हेंबर २०२५

सोबत : १) दोन्ही कार्यालयांची उत्तरे. २) कु. रिना हिच्या सिकलसेल कार्डाची प्रत.