माझा ‘तथापि’

४ फेब्रुवारी

चि. भाचीबाईस,
अ. उ. आ.

आठवतं का, तू नऊ वर्षांची असताना सुट्टीत माझ्याकडे आली होतीस आणि आपण दोघी टेबलाशी मटार सोलत बसलो होतो? नळ ठिबकत होता. मी म्हटलं, प्लंबरला चिठ्ठी लिही. तू लिहिलंस, नळ गळतो, या. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर माझ्याकडून लिहून घेत तशी मी ती तुझ्याकडून पाच वेळा लिहून घेतली. पाचव्या वेळी तिच्यात ‘तथापि’ आला! तेव्हापासून दर आठवड्याला तुझं पत्र आणि माझी लाल पेन्सिल.

आज ताईचा फोन आला. तुझा चष्म्याच्या घरावरचा निबंध ब्याऐंशी टक्के एआयने लिहिलाय, असं शाळेतल्या तपासणीच्या यंत्राने सांगितलं म्हणे. बाईंचंही म्हणणं, पंधराव्या वर्षी कुणी ‘तथापि’ लिहितं का! अगं, तो माझा ‘तथापि’. शुक्रवारपर्यंत कबुली दिलीस तर नुसतं शून्य, नाहीतर चौकशी आणि दाखल्यावर शेरा. कबुली देऊ नकोस. तुझी सहा वर्षांची पत्रं माझ्या कपाटात आहेत. ती पाठवू का?

नीट जेवत जा, आणि मावशीवर भरवसा असू दे.
मावशी

९ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र एक दिवस उशिरा पोचलं. मी सही केली. रागावू नकोस. ऑफिसबाहेरच्या बाकावर दोन तास बसवलं होतं. बाई म्हणत होत्या, खरं बोललीस की लगेच वर्गात जाशील. मी खरंच बोलत होते गं, म्हणून तर जाता येत नव्हतं.

गंमत पुढेच आहे. माफीनामा स्वतःच्या शब्दांत लिहायचा होता. लिहिला. तोही यंत्रात घातला आणि एक्क्याण्णव टक्के निघाला! दुसरा, अठ्ठ्याऐंशी. शेवटी शेजारणीने सांगितलं, तीन चुका टाक, एक वाक्य अर्धवट सोड. तो पास झाला. जे खरोखर एआयकडून लिहून घेतात तेही आता असंच करतात. आणि बाईंचे प्रगतिपुस्तकातले शेरे? तेही एआयचेच. आमच्या वर्गात अकरा जणींची ‘जिज्ञासू वृत्ती’ आहे.

माझे निबंध आता ऑफिसातल्या काचेच्या खोलीत, कारकूनकाकांसमोर. मी मुद्दाम वाईट लिहिते. काल मुद्दाम न करताही वाईट झालं. त्याची भीती वाटते.

पत्रं पाठवू नकोस. बाबा घर सोडून गेले, ते सगळं त्यांत आहे.

आहे तशी मला तुझी म्हण.
भाची

१३ फेब्रुवारी

चि. भाचीबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचताना सवयीने लाल पेन्सिल घेतली आणि ठेवून दिली. एकही चूक नव्हती.

ताईला सांगितलं नाही, ते तुला सांगते. गेल्या वर्षी मी शिकवते त्या शाळेत अशाच चौकशी समितीवर मी होते. खिडकीजवळ बसणारी एक मुलगी, शहात्तर टक्के. मीच लिहिलंय, एवढंच ती म्हणत राहिली. मी मायेने तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, खरं बोललीस की लगेच वर्गात जाशील. अगदी तुझ्या बाईंचे शब्द! तिने सही केली. त्यानंतर वर्गात तिने एकदाही हात वर केला नाही.

तुझ्यासाठी भांडायला उठले की ती समोर येते. तिला तशीच सोडून तुझी बाजू कोणत्या तोंडाने घेऊ? आणि तिची घेतली तर समितीच्या निकालांवरच्या माझ्या सगळ्याच सह्या उकरल्या जातील. निवृत्तीला दोन महिने उरलेत. उकरू देत.

सोबत पार्सल आहे. निळं पाकीट तुमच्या मुख्याध्यापिकांसाठी: बाबांचा उल्लेख नसलेली तुझी चौदा पत्रं, प्रत्येकात ‘तथापि’. आधी तू वाच. नको वाटलं तर देऊ नकोस. जाड पाकिटात बाकीची सगळी पत्रं, ते तुझं एकटीचं, ताईलाही दाखवायचं नाही. माझा माफीनामा त्या खिडकीजवळच्या मुलीला मी स्वतः नेऊन देणार आहे, त्याची प्रत आमच्या मुख्याध्यापिकांना. यंत्र किती टक्के म्हणेल ते म्हणो.

पार्सलमध्ये डबीत माझी लाल पेन्सिल आहे, ती कारकूनकाकांना दे, कामाला येईल. तुला आता ती नको.

मावशी