दोन कड्या कमी

ढालगाव,
४ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
मंगलचा सा. न. वि. वि.

फोनवर ओरडून माझा घसा बसतो आणि तोफखान्याच्या नोकरीनं तुझे कान नेलेले, म्हणून पत्रच लिहिते. तुझा गुडघा कसा आहे?

ह्यांचा हात सुधारला, पण अर्धांगानं गेलेला उजवा पाय काही आला नाही. शिबिरात मिळालेली हातानं फिरवायची तीनचाकी अंगणात उभी आहे. तिची चेन सारखी उतरते. रात्री मी नीट बसवते, सकाळी बघावं तर लोंबलेली. हे म्हणतात, रस्त्यात अडकून लोकांत शोभा कशाला करून घ्यायची. चार महिने झाले, मेंढरांकडे गेलेले नाहीत. धाकटे दीर राखतात. परवा कळप दारावरून गेला, ह्यांनी हाक मारली, तर एकानंही मान वळवली नाही. त्या दिवशी हे जेवले नाहीत. मला ह्यांची फार काळजी वाटते, दादा.

चेन ताणायला चाक मागं ओढून झालं, खाचेत आता जागा नाही. काय करू ते लिही.

तुझी माया आहे तशीच असू दे.
मंगल


सातारा,
९ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. मंगल हिस अनेक आशीर्वाद.

गुडघा डॉक्टरांच्या हवाली केलाय, महिनाभर एसटीत बसायचं नाही. नाहीतर मीच आलो असतो.

उभ्या गाडीची चेन आपोआप उतरल्याचं मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही. पण ढिली आहे हे खरं, तेव्हा दोन कड्या कमी कर. एक अरुंद आणि एक रुंद, अशी जोडीच काढायची. मोठ्या नटावर कडी ठेव, टोक घासलेला जाड खिळा पिनेवर धर आणि हातोडीनं हळू ठोक. जी कडी पुन्हा जोडायची, तिची पिन पलीकडच्या पत्तीत अडकलेली राहू दे. पूर्ण बाहेर आली तर परत बसवताना रडशील. जोडल्यावर ती कडी हलवून मोकळी कर. मधोमध बोटानं दाबल्यावर अर्धा इंच खाली गेली की झालं. घाई करू नकोस, लहानपणापासून तुझा हात धसमुसळा.

दाजींना रामराम. तुमच्या दोघांच्या आठवणीत आम्हाला जागा असावी.
धनाजी


ढालगाव,
१७ फेब्रुवारी २०२४

ती. दादास सा. न. वि. वि.

तू जोडी काढ म्हणालास, पण मला लोखंड वाया घालवायचं जिवावर आलं. एकच काढली. मग दोन्हीकडं रुंद तोंडं, एकमेकांत जाईनात. दोरी असती तर पीळ घालून सांधली असती. पुन्हा ठोकायला बसले, तेव्हा हातोडी अंगठ्यावर. नख काळं पडलंय.

हे बाजेवरून बघत होते. शेवटी चेन बसली, अर्धा इंचच खाली जाते. पण हे अजून गाडीवर बसलेले नाहीत. माझ्या ठोकण्यावर विश्वास नसेल.

वहिनीला नमस्कार. अशीच आठवण ठेवा.
मंगल


ढालगाव,
२३ फेब्रुवारी २०२४

धनाजीराव मेव्हणे यांस नानासोचा रामराम.

अक्षर वाकडं आहे, सांभाळून घ्या. मंगलला हे पत्र दाखवलेलं नाही.

चेन उतरत नव्हती. पहाटे ती गोठ्यात गेली की मी बाजेवरून हात लांबवून, काडी घालून उतरवत होतो. पांगळ्याच्या गाडीवर बसून गावातनं जायची मला लाज वाटायची. तुमच्या दोन कड्या कमी झाल्यावर परवा पहाटे काडी घातली, ती मोडली. बोटं घातली, चेन हलली नाही. तेवढ्यात मंगल चहा घेऊन आली. कप धरलेल्या हाताचं काळं नख बघितलं आणि मला माझीच जास्त लाज वाटली. म्हणालो, चल गं, मेंढराकडं जाऊन येऊ.

चढाला तिनं मागनं ढकललं. पहिल्या हाकेला मेंढरं तशीच चरत राहिली. तिसऱ्या हाकेला म्हातारी मेंढी आली आणि माझ्या लुळ्या पायाला तोंड घासत उभी राहिली. मंगल पलीकडं तोंड करून पदरानं डोळे पुसत होती.

तिला वाटतंय, तिच्या ठोकण्यानं गाडी चालू झाली. ते खरंच आहे, म्हणून काडीचं तेवढं तुमच्या-माझ्यात राहू द्या.

गुडघा बरा झाला की या. एसटीच्या थांब्यावरून उंबऱ्यापर्यंत न्यायला मी गाडी घेऊन येतो.

तुमचाच,
नानासो