ढमीला पलंग, मला तारीख

तीर्थरूप आत्यास,

काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, हे आधीच सांगते, म्हणजे अक्षर असं का लटपटलंय ते विचारू नकोस. (तसं तू विचारणार नाहीसच, तुला कोणीतरी वाचून दाखवतंय. जे कोणी वाचताय त्यांना माझा नमस्कार. हळू वाचा, मी चौथीपर्यंतच शिकलेय, पाचवीच्या बाईंना घाबरून शाळा सोडली.) झोप न यायला कारण एवढंच की ढमी काल नव्या पलंगावर झोपली, वन्संच्या खोलीत. जन्मल्यापासून ती माझ्या कुशीत आडवी झोपते आणि बरगडीत लाथा घालते. काल कोणी लाथच घातली नाही. सवयीची लाथ नसली की झोप कशी येणार सांग.

तर नमस्कार. तुझा डोळा कसा आहे? थेंब घालतेस का नुसती बाटली उशाशी ठेवतेस? कोंबड्या बऱ्या आहेत ना? मांजर व्याली का? आम्ही सगळे मजेत. मी मजेत, तुझे जावई मजेत, वन्संही मजेत (यांची थोरली बहीण गं, लग्नात तू जिला दोनदा चहा दिलास ती. हे तिच्याच घरात राहतात). पत्र लिहितेय कारण माझा फोन इथे चालत नाही, आणि यांच्या फोनवरून बोलायचं तर बाहेरच्या खोलीत बसून, आवाज मोठा करून, समोर वन्सं कपड्यांच्या घड्या घालतायत. आमच्या इमारतीचे जिने पुसणारी बाई उद्या आपल्याकडे निघालीय, तिच्या हातात हे देईन.

तुला तो व्हिसाचा घोळ कधी कळलाच नाही. मलाही अर्धाच कळलाय. बायको म्हणून इथे कायमचं राहायचा अर्ज आहे, तो कचेरीत पडलाय. त्याचं काय ते होईपर्यंत मी पाहुणी म्हणून आलेय. म्हणजे अर्जात लिहिलंय की मला जन्मभर नवऱ्याजवळ राहायचंय, आणि विमानतळावर सांगायचं होतं की छे छे, मी आपली भेटून जाणार. दोन्ही खरंच आहे, पण एका तोंडाने सांगायला गेलं की खोटं वाटतं. हे फोनवर माझ्याकडून रोज पाठ करून घ्यायचे. खिडकीतल्या साहेबाने विचारलं, नवरा इथे, मूल तुझ्या कडेवर, मग तू परत कशाला जाशील? (हे मला फोनवरची एक दुभाषी बाई मराठीत सांगत होती.) माझं सगळं पाठांतर उडालं. मी म्हटलं, आत्याचा दुसरा डोळा राहिलाय. दुभाषी बाईने परत विचारलं, कोणाचा डोळा? मग मी सगळं सांगितलं. पहिल्या डोळ्याच्या वेळी तू पट्टी काढून कोंबड्या मोजायला गेलीस तेही सांगितलं. मागे ही रांग. साहेबाने कपाळाला हात लावला आणि मारला शिक्का. तुझ्या मोतीबिंदूने मला आत घेतलं बघ. ढमीचा पासपोर्ट मात्र बापामुळे इथलाच. तो बघून साहेब पहिल्यांदा हसला, तिला म्हणाला, ये गं, घरी आलीस. आणि मला परत जायची तारीख टाकून दिली.

बाहेर हे फुलं घेऊन उभे. ढमीने बघितलं आणि अशी किंचाळली की पोलीस वळून बघायला लागला. तिचा बाबा फोनात राहतो ना. हाताएवढा, चपटा, खाली पाय नसलेला. त्याला ती रोज बिस्किट भरवायची. आणि हा एवढा मोठा माणूस पायांवर चालत अंगावर यायला लागला, ती तरी काय करणार. घरी आल्यावरही तेच. हे खोलीत आले की ही माझ्या गळ्यात. शेवटी बिचारे न्हाणीघरात जाऊन बसले आणि तिथून वन्संच्या फोनवर फोन लावला. फोनात बाबा दिसल्याबरोबर ही बिस्किट घेऊन धावली. भिंतीपलीकडे खरा बाबा आ करून बसलाय आणि इकडे ही फोनाला भरवतेय. आम्ही हसून हसून लोळलो. हे बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. साबण गेला म्हणाले. (साबण नव्हताच तिथे, मीच धुवायला बाहेर आणला होता.) आता ओळखते हो. आता त्यांच्या खांद्यावरून उतरत नाही.

मी पाहुणी आहे हे मी विसरू नये म्हणून माझी बॅग दाराशीच ठेवलीय. पण आम्ही संसार करतो हे दिसायला अर्जाला फोटो लागतात, असं वकीलबाई म्हणाल्या. मग एका दुपारी वन्संनी आमचा सगळा संसार उरकला. बॅगेतून साडी काढ, नेस, हस, परत बॅगेत घाल. दुसरी काढ. खांद्यावर हात ठेव म्हटल्यावर हे विचारतात, कोणत्या? वन्सं म्हणाल्या, अरे बायको आहे तुझी, कपाट नव्हे! साड्या बदलल्या, शर्ट बदलले, पण सगळ्या फोटोंत ढमीच्या फ्रॉकवर केळ्याचा डाग तोच. वकीलबाईंनी फोटो परत पाठवले. पण खरं सांगू, तो हात यांनी फोटो झाल्यावरही जरा वेळ ठेवला होता.

आणि मग तो पलंग. मोठ्या खोक्यात आला, वन्संनी आणला. जोडायला शेजारचा बसड्रायव्हर. जोडून झाला आणि मूठभर स्क्रू उरले. जास्तीचेच देतात म्हणाला. (मी त्याच्या बसमध्ये बसणार नाही.) त्याला जेवायला थांबवलं. मी ताटं वाढता वाढता म्हटलं, आमची जायची वेळ आली, पाहुणीच्या पोरीला पलंग कशाला? तेव्हा बोलणं निघालं. ढमीला इथून कोणी जा म्हणत नाही, तिचे कागद झालेत. मग तिला कशाला ओढत नेतेस, वन्सं म्हणाल्या. आत्ता कुठे बापाला ओळखायला लागलीय. तू जा, तुझा अर्ज झाला की ये, चार दिवसांचा तर प्रश्न. हे ताटात बघत होते. वन्सं वाईट नाहीत गं. त्यांना मूल नाही, ढमी शिंकली तर कामावर जात नाहीत. वाईट असत्या तर भांडता तरी आलं असतं.

पण मी काय ऐकून घेते होय? डाव आपटला ताटात आणि म्हटलं, पोर माझ्याबरोबर आली, माझ्याबरोबरच जाईल. बसड्रायव्हर तर हात न धुता पळाला. तेव्हा तू अजिबात काळजी करू नकोस.

चार दिवसांवरून आठवलं. बाबा गेल्यावर आई परगावी कामाला गेली, तेव्हा मला आणि दादाला तुझ्याकडे चार दिवसांसाठीच ठेवलं होतं ना? ती आली तेव्हा मी तुझ्या पदराआड लपले आणि तुला विचारलं, ही बाई जेवायला थांबणार का? तू नेहमी सांगतेस आणि आपण हसतो. आईही हसली होती म्हणे, आणि मग मोरीत जाऊन बसली. तू आम्हाला काही कमी केलं नाहीस, तुझं नाही बोलत मी. पण मोरीत ती काय करत बसली असेल, हे काल रात्री पहिल्यांदा मनात आलं.

असो. बाकी सगळं छान. थेंब घाल.

तुझी भाची

ता. क. जिने पुसणाऱ्या बाईबरोबर तुला साबण पाठवलाय. वास चांगला आहे. लाव. ट्रंकेत ठेवून देऊ नकोस.

आणखी ता. क. जे कोणी वाचताय, इथून पुढचं मोठ्याने वाचू नका. आत्याला सांगा, पोरीने साबणाचंच लांबण लावलंय. आणि तोंड हसरं ठेवा, तिला एका डोळ्याने पण सगळं कळतं. मी डाव आपटला नाही. मी काहीच बोलले नाही. चालेल ना गं, असं वन्संनी विचारलं आणि मी मान हलवली. भांडले तर हे अर्ज मागे घेतील अशी भीती वाटली. हे तसं कधी म्हणाले नाहीत, मीच घाबरते. माझं परतीचं तिकीट आहे, ढमीचं काढलेलंच नाही. अर्जाचं कधी होईल ते वकीलबाईंनाही सांगता येत नाही. तोवर मी फोनात राहायला जाणार, हाताएवढी, आणि ती मला बिस्किट भरवणार. मग एक दिवस मी पायांवर चालत येईन आणि ती किंचाळेल.

माझ्या भावाला फोन करा. तो ट्रक चालवतो, त्याला पत्र पाठवायला पत्ता नाही. नंबर आत्याच्या दाराला आतल्या बाजूने खडूने लिहिलाय. हे त्याचं ऐकतात, आमचं लग्न त्याच्याच शब्दावर ठरलं. त्याला म्हणावं, दाजींवर ओरडू नकोस, मी सांगितलं हेही बोलू नकोस, फक्त विचार, ढमीचं तिकीट काढलं का. एवढंच. उचलला नाही तर गाडी चालवत असेल. परत लावा. उचलेपर्यंत लावा.