कडा खाणारा टीव्ही

प्रिय लंबू,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकला असशील. दचक. पाच वर्षांनी बहिणीचं पत्र आलं की माणसाने थोडं दचकायलाच हवं. आई ठणठणीत आहे, मीही आहे, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही, तेव्हा बसून वाच. फोन केला असता, पण फोनवर मी दुसऱ्याच वाक्याला भांडायला लागते हे तुला ठाऊक आहे. आईच्या हाती चिठ्ठी द्यावी, तर ती आधी स्वतः वाचणार आणि वर शुद्धलेखन तपासणार.

गेल्या महिन्यात आईने फर्मान काढलं, की तिच्या ऐंशीव्या वाढदिवसाचे फोटो तिला तिच्या टीव्हीवर बघायचेत. तेच फोटो, जे तू पेनड्राइव्हमध्ये घालून तिच्या कपाटात ठेवलेस आणि ज्यांना मी आजवर हात लावला नव्हता. कॉम्प्युटरवर दाखवते म्हटलं, तर म्हणे, त्या एवढ्याशा पाटीवर मला माणसं मुंग्यांसारखी दिसतात. नवा टीव्ही आणू म्हटलं, तर दोन दिवस धड बोलली नाही. तिचा तो ट्रंकेएवढा टीव्ही! रिमोटवरचे आकडे केव्हाच पुसले गेलेत, पण तिच्या अंगठ्याला सगळे पाठ आहेत. आता गंमत बघ. कॉम्प्युटरवरची चित्रं टीव्हीच्या यंत्रांत पोचवायची, हा तुझा पोटापाण्याचा धंदा. दर शनिवारी तू आईकडे जातोस. तुला सांगितलं असतं तर चहा निवायच्या आत काम झालं असतं. पण तिने सांगितलं मला, आणि तेही रविवारी, तू येऊन गेल्यावर. आई दिसते तेवढी भोळी नाही. मी शनिवारी तिकडे फिरकत नाही, शनिवारी मी घरी माझं कपाट आवरते. पाच वर्षं दर शनिवारी आवरल्यामुळे त्या कपाटात आता आवरण्यासारखं काही उरलेलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, पण कळशाशीच अबोला असला की वळसा घालावाच लागतो.

टीव्हीच्या पाठीला तीन गोल भोकं, पिवळं, पांढरं, लाल. कॉम्प्युटरला एकच, चपटं. मी कागदावर दोन्हींची चित्रं काढून दुकानात गेले. दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा. त्याने एक डबी दिली. दोन्हीकडच्या वायरी टुककन बसल्या आणि टीव्ही निळाच्या निळा! तीन दिवस मी वायरी काढतेय, फुंकतेय, पुन्हा घालतेय. चौथ्या दिवशी पुन्हा दुकानात गेले तेव्हा कळलं, की ती डबी जुन्या यंत्रातलं चित्र नव्या टीव्हीत नेणारी होती. भोकं तीच, वायरी त्याच, पण चित्र एकाच दिशेने जातं. मी म्हटलं, मग उलटी लावते. त्यावर त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट बघून घेतलं. उलटी लागत नाही म्हणे.

दुसरी डबी बरोबर दिशेची होती. पहिलाच फोटो केकचा, आणि तो आला! पण काळापांढरा, वर सरकत्या रेघांसकट. आई म्हणाली, केक गुलाबी होता, सुरी माझ्या हातात होती, मला फसवू नकोस. एक अख्खी दुपार आम्ही त्या काळ्या केकसमोर बसून काढली. मग डबीच्या पोटाखाली मला तिळाएवढं एक बटण सापडलं. टीव्हीच्या म्हणे दोन पद्धती असतात आणि डबी भलत्याच पद्धतीवर ठेवलेली. केसातल्या पिनेने ते बटण सरकवलं आणि केक असा भसकन गुलाबी झाला, की आईने टाळ्या वाजवल्या. खरं सांगू? त्या क्षणी मला पहिली आठवण तुझी झाली. याला सांगायला हवं, असं वाटलं. मग आठवलं, की आपण बोलत नाही.

आणि आईने रिमोट समजून माझा हात दाबला, म्हणाली, पुढचा. पुढचा फोटो सगळ्या घराचा. त्यात मी नव्हते. त्याच्या पुढच्यातही नव्हते. पाच वर्षांपूर्वी, वाढदिवसाच्याच दिवशी जेवणाआधी तू हे फोटो हॉलमधल्या त्या दोन जुन्या टीव्हींवर दाखवलेस तेव्हा जे झालं, तेच पुन्हा झालं. चाळीस फोटो, आणि थोरली लेक एकातही नाही! मावशी कानात कुजबुजली, तुला बरोबर वगळलंय गं, आणि माझं डोकं फिरलं. भरल्या हॉलमध्ये मी ओरडले, की तू मला घरातून कापून काढलंस. तू एवढंच म्हणालास, ताई, टीव्ही कडा खातो. मी म्हटलं, का रे, उंदीर आहे का तो? सगळे हसले. तू हसला नाहीस. वायरी गुंडाळल्यास आणि न जेवता निघून गेलास. त्यानंतर तू दोनदा फोन केलास आणि मी दोन्ही वेळा उचलला नाही. हेही लिहूनच टाकते.

या वेळी मात्र कॉम्प्युटर शेजारीच उघडा होता. तोच फोटो कॉम्प्युटरवर, आणि त्यात अगदी डाव्या कडेला मी, दात काढून हसतेय. टीव्हीत बघावं तर तिथे मावशीचा कान आणि पुढे लाकडी चौकट. मी तडक दुकानात गेले आणि तक्रार केली, की तुमची डबी मला खाते. चष्मेवाला मान वर न करता म्हणाला, “डबी नाही हो, जुने टीव्ही कडा खातातच.” शब्दन्‌शब्द तुझा. मी तिथल्या स्टुलावर बसले. विचारलं, म्हणजे चाळीस फोटोंतून मला कुणी मुद्दाम नाही ना कापलं? तो म्हणाला, “छे हो, चित्राच्या कडा चौकटीमागे जातात, एवढंच. चाळीस फोटो कापत बसायला कुणाला वेळ आहे?” मग त्याने तिसरी डबी दिली, चित्र लहान करण्याची बटणं असलेली.

काल संध्याकाळी ती लावली. बटण दाबत गेले तसं चित्र आक्रसत आत आलं. डाव्या बाजूने आधी माझं कोपर आलं, मग खांदा, मग दात. आले एकदाची, म्हणून मी हात झटकून उठणार, तर आई म्हणाली, “थांब, उजवीकडे बघ.” उजवीकडून तू येत होतास. कोपर, खांदा, मग तुझं ते लांबोडकं तोंड. आपण दोघं ताडमाड, फोटोवाला आपल्याला नेहमी टोकांनाच उभं करायचा. चाळीस फोटो मी पुन्हा पाहिले, लंबू. जिथे जिथे मी खाल्ली गेले, तिथे तिथे तूही खाल्ला गेला होतास. भर हॉलमध्ये मी बोंब मारली, तेव्हा तू स्वतः एकाही फोटोत नव्हतास, आणि ते तू मला सांगितलंही नाहीस. मी फक्त माझी कड बघत होते. आई म्हणाली, “मी तेव्हाच विचारणार होते, माझ्या वाढदिवसात माझी दोन्ही पोरं कुठायत म्हणून. पण तुमचं भांडण सुरू झालं.”

चूक माझी होती. सगळीच्या सगळी. माफ कर मला. हे एवढंच लिहायचं होतं, पण पहिल्याच ओळीत लिहायला हात धजेना, म्हणून तीन डब्यांची कहाणी सांगत बसले. आईने टीव्ही तसाच ठेवायला सांगितलाय, डबीला हात लावायचा नाही म्हणे. या शनिवारी मी कपाट आवरणार नाहीये. तू नेहमीच्या वेळी ये. मी आईच्या डाव्या हाताला बसेन, उजवीकडची खुर्ची तुझी.

तुझीच,
दुसऱ्या टोकाची ताई