ऐकतोय मी, बोल

२ जानेवारी
पीएच.डी.चं सहावं वर्ष. विषय विवाह आणि कुटुंब समुपदेशन. प्रबंध 'जोडप्यांमधील श्रवण'. यंदा काय वाट्टेल ते झालं तरी संपवायचा. रोज सकाळी दोन पानं. चिडायचं नाही. आणि जे शिकलो ते घरात वापरायचं, नाहीतर एवढं शिकून उपयोग काय.
आज लिहिलं नाही. मागच्या वर्षाचा शीण आहे अजून.
चहा देताना ही म्हणाली, बोलायचंय. कंपनीनं तिला दुसऱ्या शहरातली शाखा सांभाळशील का म्हणून विचारलंय, फेब्रुवारीअखेर उत्तर द्यायचंय. मी पेन खाली ठेवलं, पूर्ण तिच्याकडे वळलो, मान पुस्तकात दाखवलीय तशी किंचित कलती केली आणि म्हटलं, ऐकतोय मी, बोल. ती बराच वेळ बोलली. मग मी म्हटलं, म्हणजे तुला दोन्हीकडून ओढल्यासारखं वाटतंय. ती म्हणाली, अरे तेच तर सांगितलं मी आत्ता. तुला काय वाटतं ते सांग. मी सांगितलं नाही. समुपदेशकानं आपलं मत लादायचं नसतं.
एकूण संवाद उत्तम झाला.

९ जानेवारी
क्लिनिक. आमच्या ट्रेनिंगच्या खोलीत एका भिंतीला मोठा आरसा आहे. आमच्या बाजूनं आरसा, पलीकडून नुसती काच. पलीकडे मॅडम, म्हणजे माझ्या गाइड, आणि बाकीचे विद्यार्थी बसून आम्ही कसं काम करतो ते बघतात. आमचं काही चुकलं की खोलीतला फोन वाजतो.
आज दंतवैद्य जोडपं होतं. नवराबायको दोघेही दंतवैद्य, एकच दवाखाना, आणि आता एकमेकांशी फक्त पेशंटच्या दाढांबद्दल बोलतात. मी त्यांना ऐकण्याचे प्रकार समजावून सांगत होतो. अगदी रंगात आलो होतो आणि फोन वाजला. मॅडम म्हणाल्या, आता तू गप्प बस. मी फोन ठेवून जोडप्याला म्हटलं, छान चाललंय म्हणतायत. मग त्यांना गप्प राहण्याचं महत्त्व सविस्तर सांगितलं. फोन परत वाजला. उचलला नाही. ओघ तुटतो.

१८ जानेवारी
पानं शून्य. टेबल आवरलं. सर्दी.
कन्या नववीत आहे. जवळ येऊन म्हणाली, बाबा, आई नाराज आहे, तिच्याशी बोल ना जरा. मी म्हटलं, बाळा, तू आमच्यात निरोप्या होऊ नकोस. नवराबायकोच्या मधे मूल ओढलं गेलं की त्याला त्रिकोण म्हणतात. कागदावर काढूनही दाखवला. म्हणाली, माझी भूमिती बरी आहे, तू आईचं बघ.
हुशार आहे. माझ्यावर गेलीय.

२७ जानेवारी
हिनं परत तोच विषय काढला. अगदी समोर बसून. जाऊ की नको, एका शब्दात सांग म्हणाली.
इथे खरं लिहायला हरकत नाही. नको जाऊस, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तसं म्हणावं तर दडपण आणल्यासारखं होतं. जा म्हणावं, तर ती खरंच जाईल की काय अशी धास्ती. म्हणून मी म्हटलं, हा प्रश्न तुझ्यासाठी फार महत्त्वाचा आहे हे माझ्यापर्यंत पोचतंय. ती उठून कपडे वाळत घालायला गेली.
विषय मनातून गेला असावा. अशा वेळी माणसाला वेळ द्यायचा असतो.

५ फेब्रुवारी
दंतवैद्य जोडप्याच्या बाबतीत मोठं यश! दोघं आत आले, बसले, आणि एका सुरात म्हणाले की आम्हाला समुपदेशक बदलून हवाय. एकानं वाक्य सुरू केलं, दुसऱ्यानं पुरं केलं. लग्न झाल्यापासून त्यांचं एखाद्या गोष्टीवर इतकं एकमत झालं नसेल. जाताना नवऱ्यानं बायकोसाठी दार उघडून धरलं. मी मॅडमना म्हटलं, बघितलंत ना? मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांचीही दमणूक होते.
ते जोडपं आमच्यातल्या सगळ्यात ज्युनिअर मुलीकडे दिलंय. ती तासभरात जेमतेम चार वाक्यं बोलते. मिळेल काय त्यांना तिच्याकडून, कपाळ!

१२ फेब्रुवारी
सेमिनारचं काम मिळालं. प्रत्येकानं आपल्या घरातलं एक जेवण रेकॉर्ड करायचं आणि वर्गात दाखवायचं. दुसऱ्यांचे संसार दुरुस्त करण्याआधी आपला बघावा, असं मॅडमचं म्हणणं. सगळ्यांची तंतरली. एकाची आई म्हणे कॅमेरा दिसला तर जेवणारच नाही. मी निवांत आहे. लपवण्यासारखं आहेच काय आमच्याकडे.
घरी दोघींना सांगितलं, नेहमीसारखं वागा. कन्येनं विचारलं, नेहमीसारखं म्हणजे तू असताना की नसताना?

१९ फेब्रुवारी
रेकॉर्डिंग झालं. फर्स्ट क्लास! दिवा जरा हलवावा लागला, मी उजवीकडून बरा दिसतो. ही भरपूर बोलली, मन मोकळं केलं. मी एकदाही तिला तोडलं नाही. तिचं प्रत्येक वाक्य तिला परत करत गेलो. एका क्षणी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाण्याचा जग मधे येत होता, तो मी हळूच बाजूला सरकवला, चेहरा नीट दिसावा म्हणून.
सेमिनारला डेमो म्हणून ठेवतील बहुतेक कायमचा.

२७ फेब्रुवारी
हिनं घर आवरायला काढलंय. खोकीच खोकी. कन्येची पुस्तकंसुद्धा भरली. एवढा उत्साह मला कुठून आणता येईल कोण जाणे, मी नुसतं बघूनच थकलो. तरी कौतुक करायला विसरलो नाही. तू आवरतेयस हे मी पाहतोय, असं म्हटलं. हातातली चिकटपट्टी तशीच धरून ती खुर्चीत बसली.
पानं: अर्धं. तेही नंतर खोडलं.

४ मार्च
सेमिनार.
मॅडमची पद्धत अशी, की पहिल्यांदा आवाज बंद करून बघायचं. शब्द फसवतात म्हणे. मला काळजी नव्हती. लावलं.
पडद्यावर एक माणूस सारखी मान हलवत होता. समोरची बाई बोलता बोलता त्याच्याकडे बघायची, थांबायची, मग ताटाकडे बघून बोलायला लागायची. मुलीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. त्यानंतर शेवटपर्यंत पाहिलं नाही. मग बाईनं चमचा खाली ठेवला, काहीतरी सांगितलं, आणि त्या माणसानं मान हलवून जग सरकवला.
मॅडमनी तिथे थांबवलं. यांनी इथे काय सांगितलं, म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, विशेष काही नाही, दिवसभराचं. ती ज्युनिअर मुलगी मागून हळूच म्हणाली, नाही, त्यांनी काहीतरी मोठं सांगितलंय.
मॅडमनी आवाज लावला. हिचा आवाज अगदी स्पष्ट होता. मी त्यांना हो कळवलंय. दहा तारखेला निघायचंय. पोरगी माझ्याबरोबर येतेय, शाळा बघून झाली. तू काहीतरी म्हण रे.
आणि मी म्हणतोय, म्हणजे तुला असं वाटतंय की तू त्यांना हो कळवलंयस. हे शेअर केल्याबद्दल थँक्यू.
वर्गात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मॅडमनी स्वतः उठून मला पाणी आणून दिलं. मी त्यांना विचारलं, मला हे ऐकू कसं नाही आलं? त्या म्हणाल्या, आलं की, तू तिला परत बोलून दाखवलंस.

५ मार्च
काल घरी जाऊन हिला म्हटलं, मला माहीत नव्हतं. ती रागावली नाही. नुसती दमलेली दिसली. म्हणाली, जानेवारीपासून सांगतेय. मी म्हटलं, आता सांग, आता खरंच ऐकतो. म्हणाली, आता सांगण्यासारखं काही उरलं नाही, ते मोठं खोकं खाली न्यायला हात लाव.
लावला. जड होतं.

१० मार्च
गेल्या. कन्या गळ्यात पडली. मी शेवटचं खोकं गाडीत ठेवलं.

१६ मार्च
मॅडमचा शेरा आला. 'स्वतःकडे पाहण्याची तयारी: उल्लेखनीय.' सेमिनार पास. सहा वर्षांत उल्लेखनीय हा शब्द पहिल्यांदाच.
हिला फोन केला. अभिनंदन म्हणाली, मनापासून म्हणाली. तिकडचं घर लहान आहे, नळाला पाणी चांगलं येतं, पोरीला शाळा आवडली. मग विचारलं, जेवलास का?
नाही म्हटलं. आणि म्हटलं, परत या तुम्ही दोघी. मला करमत नाही. तू जाऊ नयेस असंच मला वाटत होतं.
ती म्हणाली, एवढंच हवं होतं रे मला. हे जानेवारीत म्हणाला असतास ना, तर थांबले असते. खरंच थांबले असते.
मी म्हटलं, बरं.