आमच्या की आपल्या

वारजे, शुक्रवार

ती. आई,
साष्टांग नमस्कार.

तर परवा तुम्ही फोन आपटलात, तिथूनच पुढे लिहितेय. अनंत त्या दिवशी जे बोलला त्याचा अर्थ तुम्ही लावलात तो नाही. तुम्ही नंबर ब्लॉक केलाय, म्हणून पत्र. वारजे ते कर्वेनगर दहा मिनिटं, आणि मी पत्र लिहितेय! मायना गूगल केलाय. शुद्धलेखनाच्या चुका असतील, त्याला दाखवू नका. उगाच त्रास होईल.

मी ठीक आहे. त्याचा निळा स्वेटर इथे राहिलाय, पाठवते. आणि प्लीज त्याला पातळ चहा देऊ नका, ठसका लागतो. डॉक्टरांनी दिलेली ती पावडर घालून घट्ट करून द्या. तुम्ही म्हणाल, माझ्या मुलाला चहा कसा द्यायचा ते तू शिकव आता. म्हणा. पण घट्ट करून द्या.

तुम्ही सगळ्यांना सांगताय, ‘व्हीलचेअरच्या बदल्यात सूनबाईंनी देव बदलला.’ पंच भारी आहे, आई. आणि सुरुवात खरंच तशीच झाली. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज होता, चर्चकडून व्हीलचेअर घरी वापरायला मिळेल. मी रविवारी गेले तर प्रार्थना चालू. खुर्ची आतल्या खोलीत, म्हणून थांबावं लागलं. मागच्या बाकावर बसून मी ऑफिसचे मेल बघत होते.

खुर्ची द्यायला कौशल्याबाई आल्या. रिटायर्ड नर्स आहेत. त्यांनी विचारलं, काय झालंय? मी म्हटलं, नवऱ्याला मोटर न्यूरॉन, एकेक स्नायू बंद पडत चाललाय. त्या म्हणाल्या, “म्हणजे बरे नाही होणार.”

आई, त्याआधी वर्षभर सगळे काय म्हणत होते? लोणी काळभोरचा काढेवाला म्हणाला, बरा होईल. तुमचे गुरुजी म्हणाले, बरा होईल. माझे बाबा अमरावतीहून फोन करून म्हणायचे, पॉझिटिव्ह राहा. खरं बोलणारी ही पहिली बाई. मी तिथेच रडायला लागले. त्या नुसत्या शेजारी बसून राहिल्या. समोर भिंतीवर येशूचं चित्र होतं, क्रॉसवरचं. त्याचेही हात हलत नव्हते, पाय हलत नव्हते. मला वाटलं, याला माहितीये. अनंतला आतून कसं वाटतं ते याला माहितीये. बस, एवढंच. पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा व्हीलचेअर घरी आलेली होती. मग कशासाठी गेले, सांगा.

घरी त्याच्या पलंगाजवळ बसून मी प्रार्थना करायचे. माझं मराठी तुम्हाला माहितीये, कॉन्व्हेंटचं. चर्चमधल्या ‘अवर फादर’चं मराठी करत मी सुरुवात केली, ‘आपल्या पित्या.’ तेव्हा त्याला थोडं बोलता यायचं. जीभ जड, पण टोमणा शाबूत. म्हणाला, “देवालाच हाक मारतेयस ना? मग ‘आपल्या’ म्हणजे त्याचाही बाप. देवाच्या वडिलांशी काय काम काढलंस?”

मी म्हटलं, मग काय म्हणायचं, सर?

“आमच्या. ‘आपल्या’मध्ये समोरचा असतो. ‘आमच्या’मध्ये नसतो. इंग्लिश मीडियमवाल्यांना एका ‘अवर’मध्ये सगळं भागवायची सवय.”

मला फरक त्याच दिवशी कळला होता. तरी मी रोज ‘आपल्या’च म्हणायचे. मुद्दाम. म्हणजे तो चिडून दुरुस्त करायचा, आणि तेवढा एक शब्द प्रार्थनेचा त्याच्या तोंडून यायचा. त्याला दम लागायचा, मला दिसायचं. एकदा म्हणाला, “नम्रता, प्रुफं तपासणं म्हणजे श्रद्धा नव्हे.” मी दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकले. मला त्याचं वाईट वाटत नाही. बाकीचे शब्द एकेक करून गेले. माझं नावही गेलं. ‘आमच्या’ राहिला.

मग तुम्ही आलात, आणि तो तुमच्यासमोर म्हणाला, “आमच्या.” तुम्ही लगेच म्हणालात, “ऐकलंस? आमच्या घरी ने म्हणतोय. तुझ्या नाही.” आणि अँब्युलन्स बोलावलीत. जाताना सांगून गेलात, त्या लोकांचं पाणी डोक्यावर घेतलंस तर माझ्या दारात यायचं नाही.

फोनवर मी तुम्हाला काय सुनावलं, आठवतं ना? म्हटलं, मराठीचा प्रोफेसर आहे तो. आईला ‘आपल्या घरी’ म्हणेल. तुमच्याकडे बघून ‘आमच्या’ म्हणाला, म्हणजे तुम्ही त्यात नाही. तुम्ही फोन आपटलात. मला खूप बरं वाटलं. जिंकल्यासारखं.

पण आई, तो तुमच्याकडे बघत नव्हता. तुम्ही खिडकीशी औषधांच्या पिशव्या भरत होतात, तुमची पाठ होती. तो माझ्याकडे बघत होता.

समोर मी होते.

अँब्युलन्सवाले स्ट्रेचर आणायला खाली गेले, तुम्ही त्यांच्यामागे लिफ्टपर्यंत गेलात, तेव्हा मी त्याला विचारलं. पापण्यांची आमची पद्धत कौशल्याबाई घरी आल्या होत्या तेव्हा त्यांनीच तुम्हाला दाखवली होती. एकदा मिटल्या तर हो, दोनदा तर नाही. मी विचारलं, अनंत, प्रार्थना म्हणत होतास ना? त्याने डोळे मिटले. मी वाट बघितली. त्याने उघडलेच नाहीत. स्ट्रेचर आलं, तुम्ही आलात, त्याला उचललं, लिफ्टचं दार बंद झालं, तरी मिटलेलेच. झोपला नव्हता. जबडा घट्ट होता.

रविवारी मी बाप्तिस्मा घेणार आहे. त्याच्यासाठी नाही, तुम्हाला चिडवायला तर नाहीच. तो देव मला आता सोडता येत नाही. आणि तिथून सरळ तुमच्याकडे येणार आहे. डॉक्टर म्हणाले ते तुम्हीही ऐकलंय, फार दिवस नाहीत. दार उघडायचं की नाही ते तुमच्या हातात.

पण त्याआधी एक सांगा, कारण तुमच्याएवढं त्याला कोणी ओळखत नाही, आणि तुम्ही माझं मन राखायला खोटं बोलणार नाही. ते डोळे त्याने हो म्हणून मिटले, की मी नजरेसमोर नको म्हणून? तुम्हाला काय वाटतं?

आपली,
नम्रता